हाताने चालवलेला बॅकअप नॅसवर पूर्ण होतो, पण रात्रीचा आपोआप होणारा बॅकअप का अडतो?

आपला प्रश्न असा आहे : शाहूपुरीतील आपल्या करसल्लागार कार्यालयातील संगणकांचा बॅकअप रोबोकॉपीच्या (विंडोजमधील फाइली कॉपी करणाऱ्या आज्ञेच्या) साहाय्याने एका जुन्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या सामायिक साठवणीच्या डबीवर, घेतला जातो. दुपारी समोर बसून चालवला की तो नीट पूर्ण होतो, परंतु रात्रीसाठी ठरवून दिलेले काम सकाळी अपयशी दिसते. शिवाय नवा विंडोज ११ चा लॅपटॉप नॅसवरचे फोल्डर उघडूच देत नाही. कोल्हापुरातील लहान कार्यालये आणि उद्यमनगरातील कारखाने यांच्या संगणकांची देखभाल करताना ही जोडतक्रार माझ्यासमोर वारंवार येते. हे दोन स्वतंत्र दोष आहेत आणि ते वेगवेगळेच तपासावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम रात्रीचा दोष पाहू. तोच संगणक, तीच केबल आणि तेच नॅस दिवसा काम करत असेल, तर बॅकअपचा प्रोग्राम बदलण्याआधी एकच प्रश्न विचारावा : रात्री हे काम कोणाच्या नावाने चालते? आपल्याला दिसणारा 'झेड' ड्राइव्ह हा संगणकाचा भाग नसतो. तो आपल्या लॉगिनपुरता जोडलेला असतो. टास्क शेड्युलर, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे सुरू करणारी विंडोजमधील सोय, तेच काम वेगळ्या सत्रात सुरू करतो, तेव्हा त्या सत्राला 'झेड' नावाचे काहीच दिसत नाही. म्हणून कामाच्या आज्ञेत ड्राइव्हचे अक्षर न लिहिता नॅसचा पूर्ण नेटवर्क मार्ग, म्हणजे दोन उलट्या तिरक्या रेघा, नॅसचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील त्याचा क्रमांक) आणि पुढे शेअर फोल्डरचे नाव, असे लिहावे. त्यानंतर ते काम कोणत्या खात्याखाली नोंदले आहे ते पाहावे. 'सिस्टिम' खात्याखाली असेल, तर आपल्यासारख्या डोमेन (सर्व संगणकांची खाती एकाच सर्व्हरवर ठेवण्याची व्यवस्था) नसलेल्या कार्यालयात नॅस त्याला ओळखत नाही. आपल्या स्वतःच्या खात्याखाली असेल, तर 'डू नॉट स्टोअर पासवर्ड' या पर्यायावरची खूण काढावी. ती खूण असताना त्या कामाला केवळ त्याच संगणकावरील गोष्टी वापरता येतात, नेटवर्कवरील नाही. पासवर्ड विचारला जाईल तेव्हा खात्याचा खरा पासवर्ड द्यावा, कारण रोज सकाळी टाकतो तो चार आकडी पिन येथे चालत नाही.

हे करूनही टास्क शेड्युलरमध्ये शेवटचा निकाल १ असा दिसेल. त्याने घाबरू नये. बहुतेक प्रोग्राममध्ये शून्य म्हणजे यश आणि इतर सर्व आकडे म्हणजे दोष असतो, परंतु रोबोकॉपीत १ चा अर्थ 'फाइली व्यवस्थित उतरल्या' असा आहे. खरे अपयश ८ आणि त्यापुढील आकड्यांनी कळते. माझ्या पाहण्यात अशी कार्यालये आहेत, जिथे उत्तम चालणारा बॅकअप केवळ या आकड्यामुळे बंद करण्यात आला. याच्या उलट, काम सकाळपर्यंत 'चालू आहे' असेच दिसत असेल, तर एखादी फाइल कोणीतरी उघडी ठेवलेली असण्याची शक्यता मोठी आहे. अडलेली फाइल रोबोकॉपी मूळ मांडणीनुसार १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून पुन्हा घेऊ पाहते. हिशेब केला तर हे ३४७ दिवस होतात. म्हणून पुनःप्रयत्न २ आणि थांबण्याचा वेळ ५ सेकंद असा स्पष्ट लिहावा व लॉग फाइल, म्हणजे काय कॉपी झाले आणि काय अडले याची नोंद, ठेवावी. आपल्या कार्यालयात अशी अडलेली फाइल बहुधा टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामची असेल. संध्याकाळी निघताना प्रत्येकाने टॅली बंद करावी, हा नियम कोणत्याही तांत्रिक उपायापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण चालू असलेल्या टॅलीचा डेटा फोल्डर कॉपी झाला तरी त्यातील फाइली एकमेकींशी जुळतीलच असे नाही.

संगणक रात्री झोपी जात नाही ना, हेही पाहावे. कामाच्या अटींमध्ये संगणकाला जागे करण्याचा पर्याय निवडावा, आणि लॅपटॉप असेल तर तो चार्जरला जोडलेला ठेवावा, कारण बॅटरीवर असताना काम सुरू न करण्याची अट आधीपासूनच लागू असते. वळवाच्या पावसात लाइट जाऊन आल्यानंतर बॅकअप बंद पडला असेल, तर राउटरने नॅसला नवा आयपी पत्ता दिला असण्याचा संभव आहे. राउटरच्या डीएचसीपी (आयपी पत्ते आपोआप वाटणाऱ्या) विभागात नॅससाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवला की हा त्रास संपतो. नॅस आणि राउटर दोन्ही यूपीएसवर असावेत.

आता नवा लॅपटॉप. येथे पडद्यावर येणारा संदेश शब्दशः वाचावा, कारण त्यातच कारण सांगितलेले असते. 'संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे' पाहुणा (गेस्ट) प्रवेश अडवला आहे असा अर्थ निघत असेल, तर आपल्या नॅसवरचे फोल्डर पासवर्डाविना उघडे आहे. नॅसवर पासवर्डासह स्वतंत्र खाते तयार करावे. डिजिटल स्वाक्षरी अमान्य असल्याचा संदेश असेल, तर विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत प्रो संस्करणासाठी एसएमबी (नेटवर्कवरील फोल्डर उघडण्याची विंडोजची पद्धत) स्वाक्षरी, म्हणजे प्रत्येक संदेश खरा असल्याची खूण, सक्तीची झाली आहे, हे त्याचे कारण. नॅसचे फर्मवेअर (त्याच्या आतील मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून त्यात स्वाक्षरीची सोय सुरू करावी. तिसरा संदेश एसएमबी१ या त्याच पद्धतीच्या कालबाह्य आवृत्तीचा उल्लेख करतो. यावर एसएमबी१ पुन्हा सुरू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो कृपया मानू नये. मे २०१७ मधील वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर याच पद्धतीतील दोषातून जगभर पसरले होते, आणि आपल्याकडे अशीलांचे पॅन व बँक तपशील आहेत. नॅसला त्यापुढची एसएमबी२ येतच नसेल, तर ते बदलण्याचा खर्च टाळू नये.

वेगाबद्दल आपण विचारलेले नाही, तरी एक गोष्ट तपासावी. गिगाबिट (१००० मेगाबिट) जोडणीला केबलमधील तारांच्या चारही जोड्या लागतात. उंदराने एक जरी कुरतडली तरी वेग १०० मेगाबिटवर येऊ शकतो, आणि मग ५०० जीबीच्या बॅकअपला सव्वा तासाऐवजी साधारण बारा-तेरा तास लागतात. सकाळी माणसे कामाला बसली तरी बॅकअप सुरूच असेल, तर प्रथम केबल बदलून पाहावी.

नॅसवर बॅकअपसाठी वेगळे खाते ठेवावे आणि रोजच्या कामाच्या लॉगिनला त्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार देऊ नये. संगणकात खंडणीखोर सॉफ्टवेअर शिरले, तर त्या लॉगिनला जे जे लिहिता येते ते सर्व ते कुलूपबंद करते. रोबोकॉपीचा 'मिरर' पर्याय वापरत असाल तर धोका आणखी वाढतो, कारण मूळ ठिकाणी बिघडलेली किंवा पुसलेली फाइल नॅसवरही तशीच होते. अशा वेळी नॅसमधील स्नॅपशॉटची, म्हणजे ठरावीक वेळची स्थिती जपून ठेवण्याची, सोयच जुनी प्रत वाचवते. महिन्यातून एकदा एखाद्या अशीलाचा टॅली डेटा नॅसवरून वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणून तो उघडून पाहावा. लॉगमध्ये 'यशस्वी' लिहिलेले असणे मी पुरेसे मानत नाही.

शेवटी जागेचा प्रश्न, जो शाहूपुरीत टाळता येत नाही. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेचे पाणी या भागात शिरले होते. तळमजल्यावरील टेबलाखाली ठेवलेले नॅस आणि त्याच खोलीतील संगणक एकाच पाण्यात जातात, मग नॅसमध्ये दोन डिस्कचे रेड (तोच डेटा दोन्ही डिस्कवर ठेवण्याची सोय) असले तरी उपयोग नाही. नॅस वरच्या मजल्यावर हलवावे आणि आणखी एक प्रत एन्क्रिप्ट केलेल्या (पासवर्डाविना वाचता न येणाऱ्या) बाहेरील डिस्कवर घेऊन ती पुराच्या रेषेबाहेरील घरी ठेवावी. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. पावसाळ्यात पाणी ३९ फुटांकडे जाऊ लागले की त्याच दिवशी ही डिस्क ताज्या प्रतीसह कार्यालयाबाहेर न्यावी.