लिव्हरपूलला यायचं म्हणतेस, पण कशासाठी?

तुझा प्रश्न असा: पलूसजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली नोकरी सोडून लिव्हरपूलला ट्रॉपिकल मेडिसिनची वर्षाची एमएस्सी करावी का, आणि नवरा-पोरगी सोबत आणता येतील का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही आणता येणार. जानेवारी २०२४ पासून अशा मास्टर्सला ब्रिटन डिपेंडंट व्हिसा देत नाही, पीएचडीला देतं. एजंट हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत. फीच्या वर वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार, तोही अर्ज करतानाच भरायचा. शिवाय सहा महिन्यांच्या वर राहायचं तर टीबी नसल्याचा दाखला. मिरजेत मी रोज लोकांचे एक्स-रे उजेडावर धरून बघायचो. दाखल्याच्या तपासणीला शर्ट काढून मशीनला छाती लावून मीच उभा!

इथल्या पहिल्याच सेमिनारला मी ऊसतोडीचं सांगितलं. दिवाळीच्या सुमारास बीडकडनं टोळ्या येतात, एखाद्याचा टीबी आपल्याकडं कळतो. औषध सहा महिन्यांचं, पण कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळी गावाकडं. निक्षयवर, म्हणजे टीबीच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर, नंबर मुकादमाचा, तो फोन उचलत नाही. आमच्या बाई अर्धा तास मलाच विचारत बसल्या: उचल (आगाऊ रक्कम) कुणाच्या नावावर, गोळ्या कोपीत (झोपडीत) ठेवतात कुठं, पाचटाखाली की पेटीत? (पेटीत. पोरांच्या हाती लागू नयेत म्हणून.)

हे सगळं तुझ्याकडं आत्ताच आहे. नाही ते स्टॅटिस्टिक्स. मलाही नव्हतं, ‘आर’ हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर शिकताना रडकुंडीला आलो. त्याची सुरुवात चेन्नईच्या आयसीएमआर-एनआयई या सरकारी साथरोग संशोधन संस्थेच्या फुकट ऑनलाइन कोर्सनं घरबसल्या होते.

मी तुझ्या जागी असतो तर एमएस्सी सोडली असती. डॉक्टरांसाठीचा ट्रॉपिकल मेडिसिनचा डिप्लोमा लिव्हरपूल आणि लंडन दोन्हीकडं आहे, साधारण तीन महिन्यांचा. सहा महिन्यांच्या आतला, म्हणून ना टीबीचा दाखला, ना अधिभार. तेवढे दिवस पोरगी विट्याला आईकडं राहील. मग ओळखीच्या गाईडकडं, या ऊसतोडीच्याच विषयावर, पीएचडीचा अर्ज कर आणि तिघं मिळून या.

एक मात्र सांभाळ. कुणी थुंकीचे नमुने पाठव म्हणालं तर लगेच हो म्हणू नकोस. परदेशी भागीदारीच्या संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागते. माझी फाइल फिरत राहिली, तोवर पट्टा पडला आणि कोप्या रिकाम्या झाल्या.