मँचेस्टरचा पाऊस, लातूरचं ऊन

प्रश्न : काकू, माहेर लातूर, सासर औसा आणि सप्टेंबरपासून मुक्काम मँचेस्टर. नवरा सकाळीच ऑफिसला जातो, माझं काम घरून. इथं पाऊस थांबतच नाही. कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. बेडरूममध्ये कपाटामागं भिंतीला काळी बुरशी आलीय. घराच्या एजंटला कळवलं तर म्हणाला, तुम्ही स्वयंपाक फार करता आणि खिडक्या उघडत नाही. चारला अंधार पडतो, सकाळी अंथरुणातून उठावंसं वाटत नाही. घरी सांगावं तर बाबा म्हणतात, "नशीबवान हायस बाई, तिकडं पडायलाय तर खरं!" मग पावसाला नावं ठेवायचीही लाज वाटते. मे महिन्यात महिनाभर लातूरला येऊन राहावं म्हणते. तुम्ही तिकडं राहून आलात, काय करू?

उत्तर : आधी नावं ठेव, बिनधास्त ठेव. २०१६ च्या एप्रिलात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या गावचा माणूस पडत्या पावसाला नशीबच म्हणणार. पण २०२५ च्या सप्टेंबरात सीना-मांजरेच्या पुरात उभं सोयाबीन गेलं, तेव्हा हीच आपली माणसं आभाळापुढं हात जोडत होती, बाबा आता थांब म्हणून. पावसाला कंटाळणं हा काही गुन्हा नाही.

आता बाबांनाही सांगण्यासारखी गंमत. मँचेस्टरला वर्षाकाठी साधारण साडेआठशे मिलिमीटर पाऊस होतो. लातूरची सरासरी साडेसातशे ते आठशेच्या घरात. फरक कितीसा? आपला चाळीस-पन्नास दिवसांत कोसळून मोकळा होतो, तिकडचा तेवढाच माल दीडशे दिवस पुरवून पुरवून पडतो. म्हणजे तुझं दुखणं पावसाचं कमी आणि उन्हाचं जास्त. आपल्याकडं सर येऊन गेली की तासाभरात पत्रे तापतात, अंगण वाळतं. तिकडं भिजलेलं वाळवून द्यायला कुणी बसलेलं नाही. ते काम तुलाच अंगावर घ्यावं लागेल.

बाहेर जाण्याचं थोडक्यात सांगते. उघडीप बघून निघायची सवय सोड. तशी वाट बघत बसलीस तर घराबाहेर पडणंच होणार नाही. छत्री वाऱ्यानं उलटी होते, तिच्यावर पैसे घालू नको. टोपीचं, शिवणी आतून पट्टीनं बंद केलेलं वॉटरप्रूफ जॅकेट घे. 'शॉवरप्रूफ' लिहिलेलं घेऊ नको, ते दहा मिनिटांत आत झिरपतं. आणि सुती कपड्यांचा, जीन्सचा मोह सोड. सूत पाणी धरून ठेवतं, दिवसभर मांड्या गार. त्यापेक्षा आत पातळ लोकरी बरं. (त्याच ओल्या हवेत सूत कमी तुटतं, तिथल्या जुन्या कापडगिरण्यांना तेही फळलं. अंगावरच्या सुताला मात्र ती हवा मानवत नाही.)

खरी लढाई घरात आहे. एक मशीनभर धुणं खोलीत वाळत घातलं की दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं. त्यात भात, वरण, अंघोळीची वाफ, माणसांचा श्वास. ते पाणी घरातली सगळ्यात गार जागा शोधतं : खिडकीची काच आणि बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटाची मागची बाजू. म्हणून कपाट चार बोटं पुढं ओढ, मागून हवा खेळू दे. सकाळी काचेवरचं पाणी फडक्यानं पुसून ते फडकं मोरीत पीळ. भांड्यांवर झाकण ठेव, वाफ बाहेर फेकणारा पंखा चालू ठेव.

आणि खिडकी उघड. पाऊस पडत असतानाही उघड. आपल्याला हे पटत नाही, मलाही कुणी सांगितलं तेव्हा हसू आलं होतं. पण गार हवेत पाणी मावतच नाही. बाहेरची ५ डिग्रीची हवा पावसानं अगदी ओलीचिंब असली, तरी घरात येऊन २० डिग्रीला तापली की तिची आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरते. समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं उघडायच्या आणि पुन्हा लावायच्या. हीटिंग दिवसभर बंद आणि संध्याकाळी एकदम भडक, असं करू नको. मंद पण सलग ठेवलंस तर भिंती गार पडत नाहीत.

कपड्यांसाठी जमलं तर डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, घे. छोट्या खोलीत धुणं, हे यंत्र आत, दार-खिडकी बंद. सकाळी त्याचा डबा ओतताना कळेल पाणी कुठं मुरत होतं ते. धुणं मशीनमधून काढण्याआधी नुसतं पिळण्याचं चक्र आणखी एकदा लाव. बुरशी कोरड्या ब्रशनं घासू नको, कण हवेत उडतात. हातमोजे, मास्क घालून, खिडकी उघडून बुरशीच्या औषधानं पूस. ब्लीचमध्ये दुसरं काही मिसळू नको.

एजंटचं म्हणणं सगळंच खोटं नाही, पण तेवढ्यावर त्याला सोडूही नको. भिंत नीट बघ. कोपऱ्यात आणि कपाटामागं काळे ठिपके असतील तर ती बहुतेक घरातलीच वाफ. पण कडेनं तपकिरी झालेला, प्रत्येक पावसानंतर पसरणारा डाग असेल, तर पन्हळ किंवा छत गळतंय. तळमजल्यावर ओल जमिनीकडून वर चढत असेल तर दोष भिंतीचा. तिथं तुझ्या फोडणीचा संबंध नाही, दुरुस्ती मालकानं करायची. तारखेसह फोटो काढ, ईमेलनं कळव, फोनवर बोलणं झालं तरी ईमेल लिही. हालचाल नाही झाली तर कौन्सिलच्या (म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या) एन्व्हायरन्मेंटल हेल्थ विभागाकडं तक्रार कर. ते घर तपासू शकतात, मालकाला दुरुस्तीही करायला लावू शकतात.

आता अंथरुणाचं. डिसेंबरात तिथला दिवस साडेसात तासांचा, आपला अकरा तासांचा. शरीराला ते कळतं. घरून काम करतेस ना, मग टेबल खिडकीशी लाव आणि दुपारच्या जेवणाआधी जॅकेट घालून अर्धा तास चालून ये, ढग असले तरी. ढगातला उजेडही खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. ड जीवनसत्त्व रोज १० मायक्रोग्रॅम घे. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला हाच आहे, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्यांनी ते बारा महिने घ्यावं असं ती सेवा सांगते. एवढं करूनही दोन आठवडे रडू येत राहिलं, खाण्या-झोपण्याचं तंत्र बिघडलं, तर जीपीची, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरची, वेळ घे. 'थंडीचे दिवस आहेत, जाईल' म्हणून अंगावर काढू नको.

राहिला तुझा मे महिना. येऊ नको! मेमध्ये लातूर चाळीस-बेचाळीस डिग्री, दुपारी दार उघडवत नाही. आणि त्याच वेळी तुझ्याकडं रात्री नऊपर्यंत उजेड, उद्यानं फुललेली. वर्षभर ज्याची वाट बघायची तेच सोडून येशील. रजा राखून ठेव. पुढच्या हिवाळ्यात, तिकडं दिवस अगदी आखडतो तेव्हा, आपला शेतातला सण, वेळ अमावस्या, धरून तिकीट काढ. शेतात बसून भज्जी, आंबील, मग हुरडा, पाठीवर ऊन. जाताना ज्वारीचं पीठ आणि काळा मसाला ने. पीठ तिकडं फ्रीजरमध्ये ठेव, महिनोन्महिने टिकतं.