आधी दोरी, मग बॅग

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. दोनदा वाचली, दुसऱ्यांदा चष्मा पुसून. सात रात्रींच्या क्रूझसाठी तिन्ही आत्येभावंडांचे प्रत्येकी चौदा कपडे, त्याखेरीज 'संध्याकाळचे वेगळे', आणि शेवटी 'असू देत' म्हणून आणखी सहा. आजी-आजोबांच्या धरून पाच मोठ्या बॅगा होताहेत. त्या ओढणार कोण, तर तू. म्हणून पत्र जरा लांबतंय, सांभाळून घे.

मी पहिल्यांदा तीन नातवंडांना घेऊन गेले तेव्हा माझीही यादी अशीच होती. निम्मे कपडे घडी न मोडता परत आले आणि चड्ड्या मात्र चौथ्या दिवशीच संपल्या. माझा हिशोब घरच्यासारखा होता. घरी मुलं कपडे मळवतात. बोटीवर ती अर्धा दिवस पोहण्याच्या कपड्यांत असतात, वरचे चांगले कपडे दोन तास अंगावर येतात आणि परत हँगरला जातात. मळतं थोडं, भिजतं फार. तेव्हा यादी कपाटासमोर बसून करू नकोस. केबिनच्या टीचभर न्हाणीघरात तीन मुलांचं ओलं कुठे वाळणार, इथून सुरुवात कर.

तिथे शॉवरच्या वर भिंतीत एक गोल डबी असते. तिच्यातून बारीक दोरी ओढून समोरच्या खुंटीला अडकवायची. बहुतेक बोटींवर ही सोय असते, पण दोरी एकच आणि तीही दीड हात. न्हाणीघरात हवा कोंदट, त्यामुळे तिथे टांगलेलं रात्रभर नुसतं गळत राहतं. खरं वाळतं ते केबिनमध्ये, एसीच्या कोरड्या हवेत. आणि इथे एक गंमत आहे. केबिनच्या भिंती पोलादी असतात, त्यांना लोहचुंबक चिकटतो. चुंबकाचे आठ-दहा हुक ने. एका भिंतीवर टोप्या, एका भिंतीवर ओले कपडे, दाराजवळ सगळ्यांची केबिनची कार्डं. आम्ही दोन हुकांमध्ये आपली एक वेगळी दोरी बांधायचो. आधी न्हाणीघरातल्या दोरीवर कपडे टांगायचे, पाणी गळायचं थांबलं की या दोरीवर आणायचे. बाल्कनी असली तरी तिथे काही टांगू नकोस. वारा कपडे उडवतो आणि कठड्यावर कपडे वाळत घालायला बंदी असते. वरच्या मजल्यावरून कुणी विडीचं थोटूक टाकलं तर काय होईल, याचा विचार बोटवाले आपल्याआधी करतात.

आगीचीच भीती म्हणून इस्त्री, वाफेची इस्त्री, किटली, मेणबत्ती यांतलं काही केबिनमध्ये चालत नाही. चढताना सामान यंत्रातून जातं तेव्हा काढून घेतात. तू यादीत 'छोटी इस्त्री' लिहिलीस, ती खोड. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारं यंत्र) असलेली एक्स्टेन्शन बोर्डंसुद्धा नेऊ नकोस, बोटीची वीज वेगळ्या पद्धतीची असते आणि ती बोर्डं तिथे धोक्याची ठरतात. चुरगळलेला सदरा आंघोळीच्या वेळी न्हाणीघरात टांगून ठेव, वाफेने बराच सरळ होतो. उरलेल्या सुरकुत्या फोटोत दिसत नाहीत.

आता धुण्याचं. तुमच्या बोटीवर प्रवाशांसाठी धुण्याची खोली आहे का, ते आजच बघ. डिस्ने आणि कार्निव्हल यांच्या बहुतेक बोटींवर असते, पैसे भरून मशीन लावायचं. क्वीन मेरी २ वर ती फुकट आहे. रॉयल कॅरिबियनच्या बोटींवर अशी खोली नाही, तिथे कपडे बोटीच्या लाँड्रीलाच द्यावे लागतात. कंपनीच्या नावावर जाऊ नकोस मात्र, बोटीचं नाव घालून शोध. कारण एकाच कंपनीच्या दोन बोटींत फरक असू शकतो, आणि या एका उत्तरावर तुझी एक अख्खी बॅग कमी-जास्त होते.

खोली असेल तर दर मुलामागे दिवसाचे चार जोड, संध्याकाळचे दोन, झोपायचे दोन, पोहण्याचे तीन आणि एक स्वेटर, कारण आतला एसी बोचरा असतो. चड्ड्या मात्र नऊ. चड्ड्यांच्या बाबतीत काटकसर करू नये, हे मी अनुभवाने सांगते. खोली नसेल तर दिवसाचे जोड पाच कर, बाकी तेच. जीन्स एकही नको. जीन्स ओली झाली की दोन दिवस वाळत नाही आणि तेवढा वेळ अख्ख्या केबिनला तिचा वास येतो. पोहण्याचे टॉवेल बोट देते, ते सामानात भरू नकोस. फक्त ते मोजून परत करावे लागतात, नाहीतर बिलात लागतात. हे काम नऊ वर्षांच्या ताईवर सोपव. तिला वही दे. ती तुझ्यापेक्षा कडक हिशोब ठेवील.

मशीनच्या खोलीत समुद्रातल्या दिवशी, म्हणजे बोट कुठेच थांबणार नसते त्या दिवशी, जाऊ नकोस. सगळ्यांनाच त्या दिवशी कपडे धुवायची आठवण होते. बोट बंदराला लागली की लोक फिरायला उतरतात, तेव्हा ती खोली ओस असते. मी सकाळी सगळे उतरल्यावर जायची आणि दीड तासात मोकळी व्हायची. साबण अर्धाच घाल. बोटीवरचं बरंचसं पाणी समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून केलेलं असतं, त्यात फेस भसाभस होतो आणि कपड्यातून निघता निघत नाही. ड्रायर लावण्याआधी जाळीवरचा लिंट, म्हणजे तो कापसासारखा करडा थर, बोटाने सोलून काढ. आधीच्या माणसाने काढला असेल असं समजू नकोस. साठलेला लिंट पेट घेतो, आणि कोरडी हवा नीट फिरत नसल्यामुळे तुझे कपडेही दमटच राहतात. पोहण्याचे कपडे ड्रायरमध्ये घालायचे नाहीत, त्यांचं लवचिकपण जातं.

बोटीच्या लाँड्रीला द्यायचे झाले तर बहुधा प्रवासाच्या मध्यावर एक कागदी किंवा कापडी पिशवी केबिनमध्ये येते. मावतील तेवढे कपडे भरा, पैसे ठरलेले. आजी म्हणेल, उगाच खर्च. तिला म्हणावं, सहा जणांचे कपडे आहेत, इथे पिशवी परवडते. कपडे घडी न करता सुरळी करून भर, जास्त मावतात. पण त्या पिशवीतलं सगळं एकत्र धुतलं जातं आणि गरम ड्रायरमध्ये जातं, म्हणून आजीचं रेशमी किंवा लोकरीचं काही त्यात जाऊ देऊ नकोस. कपडे परत यायला एक-दोन दिवस लागतात, तेव्हा शेवटच्या दोन दिवसांत काही देऊ नकोस.

एवढं करूनही रोजचं थोडं हाताने धुवावं लागेलच, आणि ते मला सगळ्यांत आवडतं. रात्री मुलांच्या आंघोळी झाल्या की बेसिनमध्ये कोमट पाणी घ्यायचं, साबणाची वडी दोनदा फिरवायची, त्यात त्या दिवशीचे मोजे, चड्ड्या आणि पोहण्याचे कपडे. क्लोरीनने कापड विरतं, म्हणून पोहण्याचे कपडे नुसत्या पाण्यातून का होईना, रोज काढायचेच. मग खरी युक्ती. कपडा पिळायचा नाही. कोरडा मोठा टॉवेल जमिनीवर पसरायचा, त्यावर ओला कपडा सपाट ठेवायचा, दोन्ही मिळून घट्ट गुंडाळी करायची आणि तिच्यावर उभं राहायचं. माझा मधला नातू तेव्हा सहाचा होता. हे त्याचं काम. गुंडाळीवर चढायचा, एक टाच, दुसरी टाच, हात पसरून तोल सांभाळत या टोकापासून त्या टोकापर्यंत. समुद्र जरा खवळलेला असला की बोटीबरोबर तोही डुलायचा आणि बाकीचे दोघे पलंगावरून ओरडायचे, पडला, पडला! गुंडाळी उलगडली की टॉवेल जड आणि कपडा नुसता दमट. तो सकाळपर्यंत खडखडीत वाळतो. न पिळता असे आठ कपडे दोन टाचांखालून जायला दहा मिनिटं लागतात. सहा वर्षांचं तुमच्यातही एक आहे, त्याला ही नोकरी दे.

आजी 'आण इकडे, मी धुते' म्हणेल. धुवू देऊ नकोस, सुट्टीवर ती आहे. पण हातातलं सगळंच काढून घेतलंस तर ती रुसून बाल्कनीत जाऊन बसेल. तिला घड्या घालायला दे. तिच्यासारख्या घड्या तुला जमत नाहीत, हे तू मोठ्याने कबूल कर.

डागांपैकी एकच सांगते, बाकीचे तुला येतात. सनस्क्रीनमध्ये ॲव्होबेन्झोन नावाचं एक द्रव्य असतं. पाण्यात लोह असलं तर त्याच्याशी जुळून पांढऱ्या कपड्यांवर गंजासारखे नारिंगी डाग पडतात, तेही धुतल्यावर. आपण हबकून क्लोरीनचं ब्लीच लावतो आणि डाग आणखी पक्का होतो. लिंबाचा रस लावून ठेवलेला बरा. त्याहून सोपं म्हणजे मुलांना पांढरे कपडेच नकोत. डबीवर घटक वाचूनच सनस्क्रीन घे.

धाकट्याला अजून डायपर लागतो ना? मग त्याच्या आईला आधीच सांगून ठेव, पोहण्याचा डायपर घातला तरी मोठ्या तलावात त्याला सोडणार नाहीत. अमेरिकी बंदरांत जाणाऱ्या बोटींवर तर तिथल्या सीडीसीचीच, म्हणजे सरकारी रोगनियंत्रण संस्थेचीच, तशी ताकीद आहे. काही बोटींवर अशा मुलांसाठी पाण्याच्या कारंज्यांची वेगळी जागा असते, ती शोध. आणि त्याचे ओले वाइप्स संडासात टाकू नकोस. बोटीचे संडास हवेच्या ओढीवर चालतात, एका वाइपने नळ तुंबला तर शेजारच्या केबिनींचेही बंद पडतात आणि मग सगळा कॉरिडॉर तुमच्याकडे बघतो.

कुणाला उलट्या-जुलाब झाले तर ते कपडे बेसिनमध्ये धुवायला घेऊ नकोस. एखाद्या पिशवीत घालून तोंड बांध आणि केबिन सांभाळणाऱ्याला आणि दवाखान्याला लगेच कळव. बोटीवर नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाबांचा विषाणू, झपाट्याने पसरतो, असे कपडे कसे हाताळायचे ते त्यांना ठाऊक असतं. लपवलंस तर उद्या दुसरं आजारी पडेल. नोरोव्हायरसवर हाताला लावायचं सॅनिटायझर फारसं चालत नाही. साबण आणि पाणी, वीस सेकंद. मुलांना मोजायला लाव.

पहिल्या दिवसाची पिशवी वेगळी भर. बंदरावर मोठ्या बॅगा हमाल घेतात आणि त्या केबिनशी पोचायला कधी कधी संध्याकाळ होते. तोवर मुलं तलाव बघत उभी. म्हणून पोहण्याचे कपडे, एक एक कोरडा जोड, आजी-आजोबांच्या सगळ्या गोळ्या आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत. गोळ्या मोठ्या बॅगेत कधीही नाहीत, एकही नाही. आत्या आणि काका येत नाहीत, तेव्हा मुलांना आजी-आजोबांबरोबर पाठवायला संमती असल्याचं दोघांच्या सह्यांचं, नोटरी केलेलं पत्रही त्याच पिशवीत. बोट सुटण्याआधी जीवनरक्षक जाकिटांची कवायत असते. कोस्टा कॉन्कॉर्डिया ही बोट जानेवारी २०१२ मध्ये कलंडून अर्धी बुडाली, त्यानंतर या कवायतीचे नियम कडक झाले. मुलांच्या मापाची जाकिटं केबिनमध्ये नसतील तर तेव्हाच मागून घे.

शेवटच्या रात्रीची पद्धत उलटी. बॅगा झोपण्याआधी दाराबाहेर ठेवायच्या, रात्रीतून त्या नेतात आणि सकाळी उतरल्यावर बंदरावर मिळतात. पहिल्या खेपेला मी इतकी नीटनेटकी झाले की तिघांचेही बूट आत घालून चेन लावली. सकाळी तिघं पोहण्याच्या ओल्या रबरी चपलांत, पचक पचक आवाज करत, कस्टमच्या रांगेत. धाकटी रांगेतल्या प्रत्येकाला सांगत होती, आमचे बूट आधीच पुढे गेले. तेव्हा त्या रात्री बॅगा बंद करण्याआधी उद्याचा जोड, बूट आणि न वाळलेल्या कपड्यांसाठी एक जाड प्लॅस्टिकची पिशवी आधी पलंगावर काढून ठेव. मुलांना त्यांच्या त्यांच्या ढिगाशेजारी उभं कर आणि बोटाने दाखवायला सांग.

आजी-आजोबांना नमस्कार सांग, धाकट्याला पापा.

तुझी,
मावशी

ता. क. चुंबकाचे हुक विकत घेऊ नकोस, माझे नऊ आहेत, येऊन घेऊन जा. दहावा बहुतेक अजून त्या केबिनच्या छताला असेल. मधल्याने तो पलंगावर उभं राहून लावला होता आणि माझा हात तिथवर पोचला नाही.