आधी दार बघ

प्रिय,

रोममध्ये चार दिवस आणि यादीत अकरा चर्च! वाचून हसू आलं, कारण मीही अशीच यादी घेऊन गेलो होतो. त्यातली निम्मी आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. माझं ऐकशील तर एक अख्खी सकाळ सांता साबिनाला दे.

अव्हेंटाइन टेकडीवर आहे, चिर्को मासिमो मेट्रो स्टेशनपासून चढ चढून जायचं. जवळच एका फाटकापाशी रांग दिसेल. तिथल्या किल्लीच्या भोकातून सेंट पीटर चर्चचा घुमट दिसतो. मी पहिल्या खेपेला ते भोक हौसेनं बघितलं, मग बाजूच्या दारानं चर्चमध्ये शिरलो, फिरलो आणि निघालो. ज्या दारासाठी हे चर्च नावाजलेलं, ते पुढच्या पडवीत राहिलं. ते मला दिसलं थेट घरी आल्यावर, पुस्तकात!

दार सायप्रसच्या लाकडाचं, पाचव्या शतकातलं. कोरीव चौकटी २८ होत्या, १८ उरल्यात. डावीकडची अगदी वरची छोटी चौकट शोध. उंचावर आहे, दुर्बीण ने. तीन उघडे पुरुष, कमरेला चिंधीएवढं वस्त्र, हात पसरलेले. मागे विटांची भिंत. मधला मोठा, दाढीवाला, डोळे टक्क उघडे. येशू आणि त्याच्यासोबत क्रुसावर चढवलेले दोन चोर. पण क्रूस कुठाय? नीट बघितलंस तर हातांमागे लाकडाची जेमतेम टोकं दिसतील. येशूला क्रुसावर दाखवणाऱ्या जगातल्या सर्वांत जुन्या चित्रणांपैकी हे एक. तोवर भूमिगत दफनगृहांच्या भिंतींवर मेंढपाळ, मासा, बायबलमधला माशानं गिळलेला योना असंच रंगवलं जायचं. क्रूस म्हणजे गुलामांना आणि गुन्हेगारांना मारायचं साधन. ती शिक्षा बंद होऊन शंभरएक वर्षंच झालेली. कोरणाऱ्याचा हात तिथे अडखळलाय, असं मला वाटतं. तू बघून ठरव, माझं म्हणणं घोकू नकोस.

आत गेलास की लगेच वेदीकडे धावू नकोस, मागे वळ. दारावरच्या भिंतीवर निळ्यावर सोनेरी अक्षरांचा मोझाइक लेख आहे. हे चर्च बांधणारा इलिरियाचा पीटर गरिबांसाठी श्रीमंत आणि स्वतःसाठी गरीब होता, असं त्यात लिहिलंय. दोन टोकांना पुस्तक धरलेल्या दोन बायका : एक यहुद्यांतून आलेल्या ख्रिस्ती मंडळींचं प्रतीक, दुसरी इतरांतून आलेल्यांचं. बाकी २४ संगमरवरी खांब जुन्या रोमन इमारतींतून आणलेले. ते बघशीलच.

खांदे झाकणारा शर्ट घाल, उघडायच्या वेळा आधी बघून जा. आणि त्या चौकटीचा मोबाइलवर फोटो धड येत नाही. वहीत चार रेघा मारून आण, कशाही. मला बघायच्यात.

तुझा,
सर