३१० चा आकडा आणि बंद केलेलं सोयाबीन

पत्र (थोडक्यात): "ताई, मी ४३ वर्षांची. पाळी आधी २७ दिवसांनी यायची, आता कधी २३, कधी ३८. पाळीआधी छाती दुखते, चिडचिड होते, झोप मोडते. स्वतःहूनच बाराव्या दिवशी रक्त तपासलं, इस्ट्रोजेन ३१० आलं. जास्त आहे म्हणून सोयाबीन आणि जवस बंद केले. दुपारपर्यंत उपाशी राहते, मग कोबीचा रस घेते. हार्मोन संतुलनाच्या कॅप्सूलही सुरू केल्यात. झोपेसाठी रात्री ग्लासभर वाइन. थायरॉइडची गोळी चालू आहे. दोन महिन्यांत फरक शून्य, उलट पोट साफ होत नाही. काय चुकतंय? – हैराण"

प्रिय हैराण,

आधी तो आकडा. इस्ट्रोजेनची पातळी महिनाभर एकसारखी नसते. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत एस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) दर मिलिलिटर रक्तात साधारण ३० ते १०० पिकोग्रॅमच्या आसपास असतं आणि बीज सुटण्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत ते २०० ते ४०० पर्यंत चढतं. तुम्ही रक्त दिलंत बाराव्या दिवशी, म्हणजे ऐन चढावर. तेव्हा ३१० येणं हे अंडाशय काम करत असल्याचं लक्षण आहे. हेच रक्त तिसऱ्या दिवशी दिलं असतं तर कदाचित ६० आलं असतं आणि तुम्ही "कमी झालं" म्हणून घाबरला असता.

तुमच्या वयात बहुतेकदा घडतं ते वेगळंच. काही महिने बीज सुटतच नाही. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन (बीज सुटल्यानंतर बनणारं दुसरं हार्मोन) तयार होत नाही, इस्ट्रोजेन मात्र हेलकावे खात राहतं. पाळी पुढेमागे होणं, छाती दुखणं, झोप मोडणं हे सगळं त्या हेलकाव्यांमुळे होऊ शकतं. हे हेलकावे कुठल्याही आहाराने थांबत नाहीत. हे मी स्पष्ट सांगते, कारण "संतुलन" हा शब्द वापरून बरंच काही विकलं जातं. आहाराच्या हातात आहे ते एवढंच: वापरून झालेलं इस्ट्रोजेन शरीराबाहेर नीट जाऊ देणं आणि अंडाशयाला उपासमारीचा धक्का न देणं. तुमच्या दोन महिन्यांच्या प्रयोगात नेमक्या याच दोन गोष्टी बिघडल्या.

यकृत वापरलेल्या इस्ट्रोजेनला एक रेणू जोडून ते पित्तावाटे आतड्यात सोडतं. आतड्यातले काही जीवाणू ती जोडणी तोडतात आणि मोकळं झालेलं इस्ट्रोजेन पुन्हा रक्तात शोषलं जातं. तंतुमय पदार्थ त्यातलं काही धरून ठेवतात आणि मलावाटे बाहेर नेतात. बद्धकोष्ठ असेल तर मल आतड्यात जास्त वेळ राहतो आणि हे पुन्हा शोषलं जाणं वाढू शकतं. म्हणून कोबीचा रस गाळताना जो चोथा तुम्ही फेकता, तोच कामाचा! कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली शिजवून खा. कच्चा कोबी रोज भरपूर खाणं थायरॉइडच्या रुग्णाला तसंही सोयीचं नाही.

दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू हवेत. मोठ्या कपभर (सुमारे २४० मिली) शिजलेल्या अख्ख्या कडधान्यात १० ते १५ ग्रॅम मिळतात, सालासकट सफरचंदात ४ च्या आसपास. बाकी भाज्या आणि अख्ख्या धान्यांतून भरून काढा. एकदम वाढवलं तर पोट फुगेल आणि तुम्ही वैतागून सोडून द्याल. दर आठवड्याला ५ ग्रॅमच वाढवा आणि सोबत पाणीही वाढवा. पाणी कमी पडलं तर तंतूच मल कडक करतात.

जवस परत सुरू करा. अख्खे दाणे बहुतांशी जसेच्या तसे बाहेर पडतात, त्यामुळे दळूनच घ्या. आधी एक चहाचा चमचा, दोन आठवड्यांनी एक मोठा चमचा. दळलेलं जवस लवकर खवट होतं, म्हणून थोडंच दळा आणि फ्रिजमध्ये ठेवा. सोयाबीनमधली वनस्पतिज संयुगं पेशींवर इस्ट्रोजेन जिथे चिकटतं त्या जागा धरतात खरी, पण त्यांचा जोर फारच कमी असतो. दिवसातून एक-दोन वेळा टोफू किंवा सोया दूध घ्यायला हरकत नाही. सोयाच्या अर्काच्या गोळ्या मात्र नकोत. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, खाण्याआधी अर्धा ते एक तास घ्या. जवस आणि सोया तिच्यापासून लांब ठेवा. कॅल्शियम किंवा लोह घेत असाल तर चार तासांचं अंतर.

उपवास सोडा. दुपारपर्यंत उपाशी राहून नंतरही कमीच खाल्लं, तर मेंदू ऊर्जा तुटपुंजी आहे असं धरतो आणि अंडाशयाला जाणारे संदेश मंदावतात. इस्ट्रोजेन मग खरोखर घसरतं आणि हाडांचं नुकसान होतं. वजन जास्त असेल तर ते सावकाश उतरवा. चरबीतही इस्ट्रोजेन बनतं, त्यामुळे पाळी गेल्यानंतर त्याचा हिशोब महत्त्वाचा ठरतो. आठवड्याला १५० मिनिटं भराभर चालणं आणि दोन दिवस वजनं उचलण्याचा व्यायाम, एवढं पुरे.

वाइनबद्दल सवलत देता येणार नाही. दारूने इस्ट्रोजेनची पातळी वाढू शकते, थोड्या प्रमाणातही स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि पहाटेची झोप तीच मोडते.

कॅप्सूल आजच थांबवा. बाटलीवर काय लिहिलंय त्यापेक्षा आत काय आणि किती आहे हे महत्त्वाचं, आणि ते तुमच्या गोळीशी कसं वागेल हे डॉक्टरांना बाटली दाखवूनच कळेल.

डॉक्टरांकडे जाच, कारण पाळी बदलण्याचं कारण थायरॉइडचा बिघडलेला डोस, गर्भाशयातल्या गाठी किंवा चक्क गर्भधारणाही असू शकते. बीज अधूनमधून सुटतंय, तेव्हा ती शक्यता अजून आहे. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि गर्भचाचणी यांपासून सुरुवात होईल. सलग काही तास दर तासाला पॅड बदलावा लागला, रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालला, पाळीच्या मधेच रक्त गेलं किंवा छातीत गाठ लागली, तर भेटीची तारीख येण्याची वाट पाहू नका.

तोवर एक वही करा: पाळीचा पहिला दिवस, रक्तस्रावाचे दिवस, छाती दुखणं, झोप आणि पोट साफ झालं की नाही. तीन महिन्यांच्या या नोंदी डॉक्टरांना एका रक्ततपासणीपेक्षा जास्त सांगतील. आणि तो ३१० चा कागद फाडू नका. कोपऱ्यात पेनाने "बारावा दिवस" असं लिहून फाइलीत लावून टाका.