दिवाळीच्या कोकण ट्रिपसाठी १८ लाखांची एसयूव्ही घ्यायची का?

नमस्कार ताई. बाकीच्यांना आकडे कुठून आले ते कळावं म्हणून तुमचं पत्र आधी थोडक्यात सांगतो. नागपुरात त्रिमूर्ती नगरात फ्लॅट, मिस्टर मिहानमधल्या कंपनीत, तुम्ही शाळेत शिकवता, दोघांचे मिळून महिन्याला १ लाख २३ हजार हातात येतात. होम लोनचा हप्ता ३१ हजार, घरखर्च ४५ हजार, मुलांच्या फिया ९ हजार, एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहाची गुंतवणूक) १५ हजार. म्हणजे २३ हजार उरतात. बँकेत ६ लाखांची एफडी आहे. दारात २०१६ ची हॅचबॅक आहे, वर्षाला साधारण ६ हजार किमी चालते. सासरे ७१ वर्षांचे, शुगर आहे, सासूबाई ६६, मुलगी १४ ची, मुलगा ९ वर्षांचा. सासऱ्यांना एकदा वेरूळ, शिर्डी, कोल्हापूर, गणपतीपुळे, मालवण आणि येताना पंढरपूर-तुळजापूर असं सगळं करायचंय, १२ दिवस, दिवाळीच्या सुट्टीत. आणि मिस्टर म्हणून राहिले की भाड्याच्या गाडीत पैसे घालण्यापेक्षा दसऱ्याला मिडसाइज एसयूव्हीच घेऊन टाकू, ट्रिपही होईल आणि गाडीही घरात राहील. ऑन-रोड १७ लाख ८० हजार, त्यातले ४ लाख ८० हजार एफडी मोडून भरायचे, १३ लाखांचं लोन ७ वर्षांसाठी, ९.२५ टक्क्यांनी.

ट्रिप करा. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण अशा वेळी गाडीचा हिशोब जुळत नाही म्हणून लोक ट्रिपच पुढे ढकलतात आणि ७१ व्या वर्षी गुडघे चालताहेत, शुगर आटोक्यात आहे, नातवंडं सोबत यायला तयार आहेत असा काळ पुन्हा पुन्हा येत नाही. गाडी मात्र या ट्रिपसाठी घेऊ नका.

पहिलं कारण पैशाचं नाहीच. तुम्ही सहा जण आहात ताई, आणि ज्या गाडीचं कोटेशन तुम्ही पाठवलंय ती पाच सीटची आहे. क्रेटा, सेल्टॉस, ग्रँड विटारा, हायरायडर, हा सगळा वर्ग पाच सीटरच आहे. शोरूममध्ये मागची सीट रुंद दिसते, मुलं लहान आहेत, बसतील दाबून असं वाटतं, पण मागे तीनच सीट बेल्ट असतात आणि समृद्धीवर कारची मर्यादा ताशी १२० ची आहे. त्या स्पीडला नऊ वर्षांचा मुलगा बेल्टशिवाय आजीच्या मांडीवर, हे मला तरी चालणार नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट नसेल तर कायद्याने १ हजार दंड आहेच, पण दंडाचं सोडा, ब्रेक लागला तर पोराला आजीच्या हातांनी धरून ठेवणं शक्य नसतं. म्हणजे १८ लाख घालूनही एक तर कोणाला तरी घरी ठेवावं लागेल नाहीतर सोबत दुसरी गाडी न्यावी लागेल. मिस्टरांना हे आधी दाखवा, आकडे नंतर.

आता आकडे. १३ लाखांचा हप्ता बसतो साधारण २१,१०० रुपये. तुमच्या उरणाऱ्या २३ हजारातून तो गेला की राहतात १,९००, आणि दुसऱ्या वर्षापासून या गाडीचा इन्शुरन्सच ३५-४० हजार वर्षाला धरावा लागतो म्हणजे महिन्याला तीन हजार, पेट्रोल-सर्व्हिसिंग वेगळं, म्हणजे तिथेच गाडी अडते आणि म्हणूनच मिस्टर म्हणताहेत की एसआयपी "एक वर्ष थांबवू". मी इतकी वर्षं लोकांचे हिशोब बघतोय, हप्ता सात वर्षांचा असेल तर एका वर्षाने एसआयपी सुरू करायला पैसे कुठून येणार, ते तर तसेच अडकलेले असतात. तुमची मुलगी चार वर्षांनी बारावी होऊन बाहेर पडणार. दरमहा १५ हजार, चार वर्षं, १० टक्के परतावा धरला (हमी नाही, धरला फक्त) तर पावणेनऊ लाखांच्या आसपास जमतात. तो पैसा तिच्या ॲडमिशनचा आहे, त्याला हात लावू नका.

सात वर्षांत व्याज जातं ४ लाख ७० हजार. पण मला जास्त खुपतं ते पाचव्या वर्षाचं चित्र. इन्शुरन्सवाले गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठीची गाडीची किंमत, ज्या तक्त्याने धरतात त्यात पाचव्या वर्षापर्यंत ५० टक्के घसारा असतो. तुमच्या कोटेशनमध्ये एक्स-शोरूम १४ लाख ८० हजार आहे, म्हणजे पाच वर्षांनी गाडी साधारण ७ लाख ४० हजारांची आणि त्या दिवशी बँकेचे अजून ४ लाख ६० हजार देणं बाकी. मधला फरक बघा, १७.८० चे ७.४० झाले, १० लाख ४० हजार गेले, वर्षाला २ लाखांच्या वर. त्यात पाच वर्षांचं व्याज घातलं, जे वर्षाला ८५ हजार पडतं, तर वर्षाचे झाले जवळजवळ २ लाख ९३ हजार. तुमची गाडी चालते ६ हजार किमी. भागाकार करा, किमीला ४९ रुपये, आणि यात अजून पेट्रोलचा एक थेंब नाही, इन्शुरन्सचं रिन्यूअल नाही, टायर नाही. हीच गाडी वर्षाला १५ हजार किमी पळाली असती, म्हणजे मिस्टरांना रोज बुटीबोरी किंवा भंडाऱ्याकडे जाणं-येणं असतं, तर तोच आकडा २० च्या खाली आला असता आणि मी तुम्हाला वेगळं काहीतरी सांगितलं असतं. त्रिमूर्ती नगर ते मिहान आणि रविवारी बर्डी, एवढ्या रनिंगला ही गाडी परवडत नाही.

मिस्टरांचा मुद्दा होता भाडं वाचेल. किती वाचेल ते मांडूया. तुमचा रूट मी जोडून बघितला, नागपूरहून समृद्धीने शिर्डी ५२० किमी, पुढे पुणे, कोल्हापूर, आंबा घाटातून गणपतीपुळे, मालवण, परत कोल्हापूर, पंढरपूर, तुळजापूर आणि मग लातूर-नांदेड-यवतमाळ-वर्धा करत घरी, इकडे तिकडे फिरणं धरून २,७०० किमीच्या आसपास होतं. स्वतःची एसयूव्ही लिटरला १४ देते धरा, पेट्रोल १०४ धरा, तर २० हजारांचं पेट्रोल आणि ६ हजार टोल-पार्किंग, म्हणजे २६ हजार. ट्रॅव्हल्सवाल्याने तुम्हाला सात सीटर इनोव्हा क्रिस्टा ड्रायव्हरसकट २० रुपये किमी सांगितली, रोज किमान ३०० किमी, ड्रायव्हरचा भत्ता ५०० रुपये. इथे नीट लक्ष द्या, किमान ३०० म्हणजे १२ दिवसांचं ३,६०० किमीचं बिल लागतं, तुम्ही २,७०० च चालला तरी. मालवणात दोन दिवस गाडी नुसती उभी असेल त्याचेही ३००-३०० किमी लागतात. तर त्याला सांगा की रोज २५० ची सरासरी धरा आणि सगळ्या दिवसांचे किमी एकत्र मोजा, १२ दिवसांची पार्टी सुटू नये म्हणून बरेच जण ऐकतात. मग ३,००० किमीचे ६० हजार, भत्ता ६ हजार, टोल-पार्किंग ६ हजार, एकूण ७२ हजार. म्हणजे स्वतःच्या गाडीने वाचले असते ४६ हजार. त्या ४६ हजारांसाठी वर्षाला २ लाख ९३ हजार.

तुमच्या पत्रात बोनस आणि भिशी मिळून दीड लाख आहेत असं लिहिलंय. गाडीचे ७२ हजार, ११ रात्री दोन खोल्या २,२०० च्या दराने ४८ हजार, राहिलेल्या ३० हजारात सहा जणांचं खाणं बसवावं लागेल, ओढाताण होईल थोडी, एखाद-दोन ठिकाणी भक्तनिवास घेतला की सुटेल. कर्जाचा एक रुपया न घेता ट्रिप होते, एफडीला हात न लावता होते.

अजून कमी करायचं असेल तर एर्टिगासारखी गाडी घ्या, ती स्वस्त मिळते, पण सहा जणांचं १२ दिवसांचं सामान आत मावत नाही, वर कॅरियर लागेल, आणि मागच्या सीटवर मुलंच बसतील, सासऱ्यांना तिथे चढवू नका. ट्रेनचाही विचार करून ठेवा, गोंदियाहून येणारी महाराष्ट्र एक्सप्रेस थेट कोल्हापूरला जाते आणि ऑगस्ट २०२५ पासून अजनी (नागपूर)-पुणे वंदे भारतही आहे, तिथून पुढे पाच-सहा दिवस गाडी करायची. पण वेरूळ-शिर्डी सुटेल, आणि वंदे भारतमध्ये दिवसभर खुर्चीवर बसून जाणं तुमच्या सासऱ्यांच्या गुडघ्यांना जड जाईल. त्यांना दर दोन तासांनी उतरून चालावं लागतं असं तुम्ही लिहिलंय, तर गाडीच बरी.

एक गोष्ट मात्र करू नका. मिस्टरांच्या ऑफिसमधले मित्र स्वतःची सात सीटर "डिझेल टाका आणि वर २५ हजार द्या" म्हणून देऊन राहिले, ते प्रेमाने देत असतील, पण ती पांढऱ्या नंबर प्लेटची खासगी गाडी आहे. भाड्याने दिली असं निघालं तर अपघातात इन्शुरन्स कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि मग मैत्रीही जाते आणि पैसेही. सेल्फ ड्राइव्हच हवी असेल तर काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असलेली गाडी बघा, तीच कायदेशीर भाड्याची. तरी १२ दिवस एकट्या मिस्टरांनी घाटातून चालवायची आणि हॉटेलवर पोचून वडिलांचंही बघायचं, त्यापेक्षा ड्रायव्हरचे ६ हजार मला योग्य वाटतात.

सेल्समन म्हणतो जीएसटी कमी झालाय, आत्ताच घ्या. कमी झालाय हे खरंय, २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गाच्या गाड्यांवर सेस धरून ४५ टक्के लागायचे ते ४० झाले. पण ती दसऱ्याची ऑफर नाहीये, तो कराचा दर आहे, दसरा संपला म्हणून जाणार नाही. आणि मोठी कपात लहान गाड्यांना मिळाली, चार मीटरच्या आतली, १,२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी १८ टक्क्यांवर आली.

आता एफडीचं, कारण मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली. ६ लाखांतून ४.८० काढले की राहतात १ लाख २० हजार. तुमचा महिन्याचा खर्च होम लोनच्या हप्त्यासकट ८५ हजार, म्हणजे दीड महिन्याचा पैसा, आणि घरात ७१ वर्षांचे शुगर असलेले वडील ज्यांचा स्वतःचा मेडिक्लेम नाही, कंपनीचा ग्रुप कव्हर आहे तो मिस्टरांची नोकरी आहे तोवरच. गाडीच्या आधी हे करा. सासऱ्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये मिळतात, आधार कार्ड लागतं. तुमच्या जवळचं कोणतं हॉस्पिटल यादीत आहे ते आत्ताच बघून ठेवा, रात्री दोन वाजता शोधायची वेळ यायला नको. सासूबाई ६६ च्या आहेत, त्यांना ते अजून मिळणार नाही, त्यांची वेगळी पॉलिसी घ्या. वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही नाही. आधीच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, तोवर त्यांचा क्लेम मिळत नाही, म्हणून ही गोष्ट जितकी लांबवाल तितकी महाग पडते.

आणि गाडीची हौस मारायची नाहीये. उरणाऱ्या २३ हजारातले २० हजार आजपासून आरडीत टाका, राहिलेल्या ३ हजारातून सासूबाईंचा प्रीमियम. दोन वर्षांत व्याजासकट ५ लाख १० हजारांच्या आसपास होतात, जुनी गाडी तेव्हा दोन लाखांच्या आसपास गेली तर ७ लाख हातात, १० लाखांचं लोन पाच वर्षांसाठी घ्या, हप्ता २०,९०० येतो. म्हणजे आजच्याइतकाच हप्ता, दोन वर्षं कमी आणि एफडी जागच्या जागी. शिवाय दोन वर्षं २० हजार बाजूला पडताहेत का हे तुम्हाला आपोआप कळेल, नाही पडले तर हप्ताही झेपला नसता. तेव्हा घ्याल ती गाडी मात्र सात सीटर घ्या, थोडी लहान चालेल, आणि टेस्ट ड्राइव्हला सहाही जण जा, सासऱ्यांना मधल्या सीटवर चढ-उतर करायला लावून बघा. तोपर्यंत हॅचबॅक शहरात व्यवस्थित चालेल, तिचं रजिस्ट्रेशन २०३१ पर्यंत आहे.

कोटेशनमध्ये ४५ हजार ॲक्सेसरीज आणि एक्स्टेंडेड वॉरंटीचे आहेत, पुढे कधीही गाडी घ्याल तेव्हा ही ओळ आधी वाचा आणि नको ते काढायला लावा, इन्शुरन्सही शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नसते. १४,८०० चा टीसीएस (विकतानाच गोळा केलेला आयकर) आहे तो रिटर्न भरताना वळता होतो, तो खर्च धरू नका.

बुकिंगचे ११ हजार भरले नसतील तर भरू नका, भरले असतील तर कॅन्सलेशनची अट लेखी मागून घ्या. ट्रॅव्हल्सवाल्याशी या आठवड्यातच बोला, दिवाळीत नागपुरातल्या सात सीटर लवकर संपतात, आणि ठरलेला दर, किमी, भत्ता, टोल कोणाचा हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. सासूबाईंच्या पॉलिसीचे दोन-तीन कोट आले की मला पाठवा, त्यात को-पे (बिलातला आपण भरायचा हिस्सा) आणि रूम रेंटची मर्यादा किती आहे ते बघून कोणती घ्यायची ते सांगतो.