धाकट्याला घर, थोरल्याला निवड

प्रश्न : केळीची जमीन तिघा भावांत सारखी आणि राहतं घर धाकट्याला, असं आमच्या नानांनी तोंडी सांगून ठेवलंय. इतिहास शिकणारी पुतणी म्हणते, इंग्लंडशेजारच्या वेल्समध्येही असंच होतं. खरं का?
– एक वाचक, रावेर

उत्तर : भाऊ, पुतणीचं बरोबर आहे. जुन्या वेल्श कायद्यात जमीन सगळ्या मुलग्यांत वाटली जाई. मुख्य घर धाकट्याचं, सोबत कढई, कुऱ्हाड आणि नांगराचं पातंसुद्धा. वाटे धाकट्यानं पाडायचे, निवडायचे मात्र थोरल्यापासून. मग पाडणारा कमी-जास्त करेलच कसा? मला ही युक्ती फार आवडते. १५४३च्या इंग्रजी कायद्यानं ही वाटणी मोडली आणि जमीन थोरल्याकडे जाऊ लागली. जमीनदार घराण्यांतल्या धाकट्यांची, मुलींची सोय मग मृत्युपत्रावर आणि लग्नाच्या करारावर आली. १८५८पूर्वीची चर्चच्या न्यायालयांतली अशी मृत्युपत्रं अॅबरिस्टविथ गावातल्या वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेली आहेत.

पण नानांचं तोंडी सांगणं पुरणार नाही. लिहून घ्या, दोन साक्षीदारांसमोर सही होऊ द्या. आणि बहिणींचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत! जमीन वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनं मुलींचाही जन्मतः समान हक्क आहे. नानांना मृत्युपत्र करता येईल ते फक्त स्वतःच्या हिश्श्याचं.

माझ्या आजोळी, यावलला, वाटणीत विहिरीची पाळी लिहायची राहिली. दोन मामा अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. विहीर, मोटार, ठिबकच्या नळ्या, सगळं नावानिशी लिहा.